ख्वाजा महमूद गावान आणि एक खोटे पत्र

वाचकहो, इराणच्या गीलान प्रांतातून व्यापारानिमित्त दख्खनेत आलेले ख्वाजा महमूद गावान पुढे बहमनी राज्याचे वजीर झाले. त्यांनी गोवा जिंकला, १४७२ मध्ये बीदरला मदरसा उभारला. राज्याच्या चार तरफांच्या त्यांनी आठ केल्या. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे थेट सुलतानाच्या हुकमतीखाली आणले. दूरचा अंमलदार शिरजोर होऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

दुखावलेल्या सरदारांनी त्यांचा शिक्का मिळवून कोऱ्या कागदावर उमटवला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला उद्देशून फितुरीचे पत्र लिहिले. सुलतान मुहम्मदशाहने चौकशी न करता १४८१ मध्ये या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. सत्य कळल्यावरचा पश्चात्ताप व्यर्थ ठरला. वर्षभरात सुलतानही वारला.

कटातील मलिक हसन सत्ताधीश झाला आणि बीदरलाच मारला गेला. राजधानीचा धाक संपला. त्याचा मुलगा मलिक अहमद जुन्नरला होता. त्याने आपल्या मळवलीजवळच्या लोहगडासह अनेक किल्ले घेतले आणि १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला. विजापूर व वऱ्हाडही फुटले.

बातमीची शहानिशा केल्यावाचून कोणाला इजा पोहोचवू नका, अशी शिकवण सूरह अल्-हुजुरात देते. ती डावलल्याने एक निरपराध जीव गेला आणि राज्यही विस्कटले. आपल्या हाती राज्य नाही. पण ऐकलेली गोष्ट पुढे सांगताना कोणाची तरी अब्रू आपल्या हाती असते. अल्लाह आपणांस सावधपणा देवो. आमीन.