क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले : चरित्र व छायाचित्र

आपल्या समाजातील थोर व्यक्तींचे स्मरण करणे हे स्मरणिकेचे पहिले कर्तव्य होय. करमाळा तालुक्यातील आमच्या ज्ञातिबांधवांपैकी ज्याच्या घरी सावित्रीबाईंची तसबीर नाही, असे घर विरळाच. परंतु त्यांचा चेहरा आपणांस कसा लाभला, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. म्हणून यंदा चरित्राबरोबर त्या छायाचित्राचीही हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला. विवाहसमयी त्यांस अक्षरओळखही नव्हती. जोतीरावांनी त्यांस शिकविले, आणि १८४८ साली पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा त्या शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. वाटेत शेण व चिखल अंगावर झेलीत त्या शाळेत जात. पुढे घरही सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी या दांपत्यास आसरा दिला. १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला.

१८६३ साली जोतीरावांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांची बाळंतपणे त्या घरी झाली व त्यांची शुश्रूषा सावित्रीबाईंनी केली. अशाच एका मातेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६-७७ च्या ज्या दुष्काळात आपला सोलापूर जिल्हा होरपळून निघाला, त्या दुष्काळात सावित्रीबाई अन्नछत्रांच्या कामी झटत होत्या.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा मान पुरुषाचाच, असा रिवाज असता सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे चालल्या. १८९७ साली पुण्यास प्लेगने घेरले. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. त्यांसही संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता छायाचित्राविषयी. सावित्रीबाईंच्या हयातीत कॅमेरा हिंदुस्थानात आला होता. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्थाही निघाली होती. परंतु छायाचित्र काढविणे ही राजेरजवाडे, अंमलदार व सधन लोक यांचीच चैन होती. कष्टकरी जातींची छायाचित्रे निघाली नाहीत असे नव्हे. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील लोकांविषयी आठ खंड छापिले, त्यांत नाना जातिजमातींची चित्रे आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांखाली जातीचे नाव आहे, माणसाचे नाही. तेथे माणूस हा केवळ नमुना झाला. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मानाने कॅमेऱ्यासमोर बसणे ही निराळीच गोष्ट होय, आणि बहुजन स्त्रीच्या वाट्यास ती क्वचितच येई.

सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर त्यांचा चेहराही विस्मृतीत जाण्याच्या बेतात होता. १९२४ ते १९३० च्या दरम्यान पुण्यात निघणाऱ्या ‘मजूर’ नियतकालिकात त्यांचे छायाचित्र एकदा छापले गेले. त्याचे काही जुने अंक कोल्हापूरच्या माधवराव बागलांच्या संग्रही होते. ते १९६६ साली झोडगे यांस मिळाले, व त्यांच्याकडून चरित्रकार डॉ. मा. गो. माळी यांस ही माहिती कळली. लोखंडे नामक मिशनऱ्यांच्या पुस्तकातही तेच चित्र आढळले. पुढे पुण्याचे एकनाथराव पालकर यांजकडील जुन्या निगेटिव्हजमध्ये मूळ समूहचित्र सापडले. त्यात सावित्रीबाईंशेजारी बसलेल्या स्त्री फातिमा शेख होत, असे मानतात. त्या समूहचित्रातूनच सावित्रीबाईंचा चेहरा वेगळा काढण्यात आला. आज घरोघरी जी रंगीत चित्रे दिसतात, त्यांस आधार आहे तो या एका काचेचा.

एका अंकाची रद्दी झाली असती, एखादी पेटी वाळवीने खाल्ली असती, तर काय झाले असते? नाव राहिले असते, पण चेहरा चित्रकाराच्या कल्पनेवर सोपवावा लागला असता. १९९८ साली डाक खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०१४ साली पुणे विद्यापीठास त्यांचे नाव दिले गेले. मुलीस शाळेत धाडणारी खेड्यातील माता त्या तसबिरीकडे पाहते तेव्हा तीत तिला आपल्यासारखीच लुगडे नेसलेली, कपाळी ठसठशीत कुंकू लावलेली स्त्री दिसते. ही आपल्यातलीच आहे, ही जाणीव नुसत्या नावाने होत नाही.

आमच्या सभासद कुटुंबांस यानिमित्त एक विनंती आहे. आपल्याही माळवदाच्या घरांतून, ट्रंकांतून आजी-पणजीची जुनी छायाचित्रे धूळ खात पडली असतील. कित्येकांमागे नाव नाही. ओळखणारी वडीलधारी माणसे एकेक करून जात आहेत. ती आहेत तोवर त्यांस विचारून प्रत्येक छायाचित्राच्या मागे शिसपेन्सिलीने नाव, गाव व साल लिहून ठेवावे. जिने शेतात राबून पोरे शिकविली, ती घरातल्यांनाच अनोळखी होऊ नये. सावित्रीबाईंच्या स्मृतीस याहून साधे व खरे अभिवादन आम्हांस सुचत नाही.