दोन कोर्टे, एक माणूस

१९३५ साली विंबल्डनच्या हिरवळीवर डेव्हिस चषकाचा जर्मनी विरुद्ध अमेरिका सामना चालला होता. दुहेरीच्या लढतीत जर्मन जोडीला विजयासाठी एकच गुण हवा होता आणि तो मिळालाही. एवढ्यात त्या जोडीतला उंचापुरा, सोनेरी केसांचा खेळाडू पंचांकडे वळला. जोडीदाराने फटका मारण्याआधी चेंडू आपल्या रॅकेटला निसटता लागला होता, असे त्याने आपण होऊन सांगितले. पंचांना तो स्पर्श दिसलाच नव्हता. गुण गेला, पुढे लढतही गेली.

या खेळाडूचे नाव गॉटफ्रीड फॉन क्राम. १९३४ आणि १९३६ साली फ्रेंच स्पर्धेचा विजेता आणि १९३५ पासून सलग तीन वर्षे विंबल्डनचा उपविजेता. टेनिसचे रसिक त्याला आजही सभ्यतेचा नमुना मानतात. मला मात्र एक विसंगती अस्वस्थ करते. चेंडूचा ओझरता स्पर्शही ज्याला लपवता आला नाही, त्याला स्वतःचे प्रेम मात्र लपवून जगावे लागले.

क्रामचा जन्म १९०९ चा, उत्तर जर्मनीतल्या जुन्या सरदार घराण्यातला. सात भावांतला हा तिसरा. लहानपणी घोड्याने चावून उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक गेले, तरी त्याच हाताने तो खेळत राहिला. १९२८ साली कायदा शिकायला बर्लिनला आला आणि टेनिसमध्येच रमला. १९३० साली त्याच्याच वर्तुळातल्या एका तरुणीशी त्याचे लग्न झाले. त्यानंतर लवकरच त्याची गाठ मनासे हर्बस्ट या तरुण ज्यू नटाशी पडली आणि दोघांचे प्रेम जडले.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. पुरुषापुरुषांतल्या संबंधांना गुन्हा ठरवणारे १७५ वे कलम जर्मनीत जुनेच होते. नाझींनी १९३५ साली ते आणखी कडक केले. त्यात जोडीदार ज्यू, म्हणजे संकट दुहेरी. क्रामने नाझी पक्षाचे सदस्यत्वही घेतले नाही. चषक जिंकत होता तोवर सरकारने त्याला मिरवले. हर्बस्ट १९३६ साली देश सोडून पॅलेस्टाइनला गेला. क्रामने त्याला पैसे पुरवले. १९३७ साली क्रामचा घटस्फोट झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये विंबल्डनवर अमेरिकेच्या डॉन बजविरुद्ध तो डेव्हिस चषकातला अविस्मरणीय सामना खेळला. पहिले दोन सेट जिंकून, पाचव्यात ४-१ अशी आघाडी घेऊनही शेवटी ६-८ असा हरला.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये, परदेश दौऱ्याहून घरी परतताच, त्याला अटक झाली. आता दुसरे कोर्ट सुरू झाले. हर्बस्टशी असलेले संबंध हा एक आरोप आणि त्याला धाडलेले पैसे हा दुसरा. बचावात असे मांडले गेले, की तो पैसा त्या ज्यू तरुणाने धमकावून उकळला होता. तरीही एक वर्षाची शिक्षा झाली.

मी बँकेत होतो. परदेशी रक्कम पाठवताना अर्जावर हेतू नोंदवावा लागतो: शिक्षण, औषधोपचार, कुटुंबीयांचा निर्वाह. १९३८ च्या बर्लिनमध्ये क्रामच्या पैशाला खंडणी हे एकच नाव सोयीचे उरले होते. त्या नावाने क्रामचा बचाव झाला, पण दूर देशी गेलेल्या हर्बस्टच्या माथी खंडणीखोराचा शिक्का बसला. पहिल्या कोर्टवर एका गुणासाठीही खोटे न बोलणाऱ्या माणसाच्या नावे हे सांगितले गेले. त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. माझ्या लेखी तो निर्वाहखर्चच होता, आपल्या माणसाला पाठवतात तसा.

बजने खेळाडूंच्या सह्या गोळा करून त्याच्या सुटकेसाठी हिटलरला निवेदन धाडले. सहाएक महिन्यांनी क्राम सुटला, पण त्या शिक्षेमुळे अमेरिकेने त्याला व्हिसा नाकारला. युद्धात त्याला रशियाच्या आघाडीवर पाठवले. तिथल्या थंडीने पाय गारठून १९४२ साली तो परतला. एवढे सोसूनही १९४८ आणि १९४९ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो पुन्हा जर्मन विजेता झाला. १९५५ साली अमेरिकन धनिक बार्बरा हटनशी केलेले लग्न चार वर्षे टिकले. पुढे त्याने कापसाचा व्यापार केला. त्याच कामासाठी इजिप्तला गेला असताना नोव्हेंबर १९७६ मध्ये कैरोजवळ मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला.

१७५ वे कलम जर्मनीतून पूर्णपणे गेले ते १९९४ साली. नाझी काळात त्याखाली झालेल्या शिक्षा तिथल्या संसदेने २००२ साली रद्द ठरवल्या. आपल्याकडे सज्ञान व्यक्तींच्या संमतीने असलेले असे संबंध गुन्हा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. कायदे बदलले, हे चांगलेच झाले. तरी आपल्या ओळखीच्या घरांतून अजूनही एखादा मुलगा आपल्या माणसाचा उल्लेख मित्र एवढाच करत असेल. त्याला घरच्यांसमोर खरे बोलता येईल की नाही, हे आता कायद्यापेक्षा आपल्यावर अवलंबून आहे.