राजा दीनदयाळ

लाला दीनदयाळ तथा राजा दीनदयाळ (१८४४ – १९०५) हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अग्रगण्य भारतीय छायाचित्रकार होते. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार होते. प्राचीन मंदिरे, किल्ले व लेणी, संस्थानिकांची व्यक्तिचित्रे, शिकारी, लष्करी कवायती, दरबार आणि रस्त्यांवरून निघणाऱ्या शाही मिरवणुका असे त्यांच्या कामाचे विस्तृत क्षेत्र होते. आजचा मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्याचा भाग असल्यामुळे औरंगाबाद, दौलताबाद व वेरूळ येथील त्यांची छायाचित्रे महाराष्ट्राच्या इतिहासाच्या दृष्टीनेही मोलाची ठरतात.

जन्म व शिक्षण

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. कुटुंबाचा परंपरागत व्यवसाय जवाहिऱ्याचा होता. त्यांनी मात्र तांत्रिक शिक्षणाचा मार्ग धरला. रुडकी येथील थॉमसन स्थापत्य अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. आराखडे काढणे, मोजमापे घेणे व इमारतींच्या खर्चाचा अंदाज बांधणे हे तेथे मिळालेले ज्ञान पुढे छायाचित्रणातही त्यांच्या उपयोगी पडले. त्यांच्या वास्तुचित्रांत भिंतींच्या उभ्या रेषा सरळ राहतात आणि इमारतीची प्रमाणबद्धता ढळत नाही, याचे मूळ या शिक्षणात आहे.

इंदूर येथील काळ

१८६६ साली दीनदयाळ इंदूर येथील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत मुख्य अंदाजपत्रककार व आरेखक म्हणून रुजू झाले. इंदूर ही होळकरांच्या मराठी संस्थानाची राजधानी होती. शिवाय मध्य भारतातील संस्थानांवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश प्रतिनिधीचे मुख्य ठाणेही तेथेच होते. नोकरी सांभाळून १८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रणाचा अभ्यास सुरू केला. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) व ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डॅली या दोघांनी त्यांना उत्तेजन दिले. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले असता त्या प्रसंगाची छायाचित्रे घेण्याची संधी त्यांना मिळाली. राजकीय समारंभांच्या छायाचित्रणाशी त्यांचा संबंध येथून सुरू झाला.

डॅली यांच्यानंतर आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत १८८२-८३ च्या सुमारास दीनदयाळ यांनी बुंदेलखंड व आसपासच्या प्रदेशाचा दौरा केला. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची, ओरछा, दतिया अशा स्थळांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंविषयीच्या ग्रंथात १८८६ साली प्रसिद्ध झाली. या कामामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. लवकरच त्यांनी सरकारी नोकरी सोडली व छायाचित्रण हाच पूर्णवेळ व्यवसाय केला. त्या काळी हिंदुस्थानातील नामांकित छायाचित्र संस्था बहुतांशी युरोपियनांच्या हाती होत्या. निवृत्तिवेतनाची खात्री असलेली नोकरी सोडून त्यांच्याशी बरोबरी करू पाहणे हे मोठेच धाडस होते.

हैदराबाद दरबारातील नेमणूक

१८८४ साली मीर महबूब अली खान यांच्या हाती हैदराबाद राज्याची संपूर्ण सूत्रे आली. वयाने तरुण असलेल्या या निजामास छायाचित्रणाची आवड होती. पुढील वर्षी, १८८५ मध्ये, दीनदयाळ यांची दरबारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली आणि ते इंदूर सोडून निजामाच्या राज्यात आले. त्याच सुमारास व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणूनही त्यांना मान्यता मिळाली. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबाद येथे स्टुडिओ उघडला. जुळ्या शहरांपैकी हैदराबादेत निजामाचा दरबार व अमीरउमराव होते, तर सिकंदराबादेत ब्रिटिशांची मोठी लष्करी छावणी होती. या दोन्ही वर्गांतून त्यांना ग्राहक लाभले.

निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर या शब्दाचा अर्थ चित्रकार असा आहे. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या छायाचित्रांचा गौरव झाला आणि १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार म्हणून त्यांना अधिकृत सनद मिळाली.

मिरवणुका व समारंभांचे छायाचित्रण

दीनदयाळ यांच्या कार्यातील एक वैशिष्ट्यपूर्ण भाग म्हणजे मिरवणुकांची छायाचित्रे होत. हैदराबादेत मोहरमच्या पाचव्या दिवशी निघणारी लंगरची मिरवणूक हा राज्यातील सर्वांत प्रेक्षणीय सोहळा होता. कुतुबशाहीतील हयात बख्शी बेगम यांचा पुत्र अब्दुल्ला याला घेऊन हत्ती बेफाम होऊन निघून गेला. मुलगा सुखरूप परतला तर हत्तीच्या साखळदंडाएवढी सोन्याची साखळी दान करीन असा नवस बेगमने केला, अशी या प्रथेमागील आख्यायिका आहे. लंगर म्हणजे साखळदंड. आसफजाही काळात या नवसाच्या स्मरणाला लष्करी संचलनाचे रूप आले. निजामाची व उमरावांची पथके, अरब, रोहिले व शीख शिपाई, झुली घातलेले हत्ती, उंट, निशाणे व वाद्ये यांचा ताफा शहरातून जाई आणि तो पाहण्यासाठी सर्व धर्मांचे लोक घरांच्या गच्च्यांवर व रस्त्याच्या दुतर्फा गर्दी करीत. दीनदयाळ यांच्या संस्थेने टिपलेली या मिरवणुकीची छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्या वैभवाने निघणारी लंगर पुढे इतिहासजमा झाल्यामुळे त्या छायाचित्रांना दस्तऐवजाचे मूल्य आले आहे.

मिरवणुकीखेरीज हैदराबाद व सिकंदराबाद येथील वेशांतराचे समारंभही त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आले. ब्रिटिश अधिकारी, त्यांच्या स्त्रिया व मुले निरनिराळ्या देशांचे व काळांचे पोशाख करून मेजवान्यांना जमत आणि त्या पोशाखांत आपली छायाचित्रे काढून घेत. दरबारी पोशाखातील उमराव आणि हौसेने सोंग घेतलेले गोरे अधिकारी या दोहोंची चित्रे एकाच संस्थेच्या काचपट्ट्यांवर उमटलेली असल्याने, पोशाख व प्रतिष्ठा यांचा त्या काळातील संबंध अभ्यासकांना तुलनेने पाहता येतो.

१९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी हैदराबादला भेट दिली, तेव्हाचे स्वागतसमारंभ व वरंगळ भागातील शिकार यांची छायाचित्रे दीनदयाळ यांनी घेतली. शिकार केलेल्या वाघासह उभ्या असलेल्या कर्झन दांपत्याचे छायाचित्र त्यांपैकीच होय. पाठोपाठ १ जानेवारी १९०३ रोजी सातव्या एडवर्ड यांच्या राज्यारोहणानिमित्त दिल्ली दरबार भरला. तत्पूर्वी २९ डिसेंबर १९०२ रोजी हत्तींवरून निघालेली मिरवणूक जामा मशिदीजवळून चांदणी चौकाकडे गेली. संस्थानिकांच्या लवाजम्यात चिलखत घातलेले घोडेस्वार, रंगविलेले हत्ती व परंपरागत वेशातील सेवक होते. दीनदयाळ यांच्या संस्थेने या दरबाराचे छायाचित्रण केले. याच दरबाराचे चलच्चित्रण हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा यांनी केले होते. मुंबईत १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे दृश्यही सावेदादांनी चित्रित केले होते. स्थिर छायाचित्र व चलच्चित्र या दोन्ही माध्यमांतील भारतीय कलावंत सार्वजनिक समारंभांकडे एकाच सुमारास वळले होते, हे यावरून दिसते.

तंत्र

दीनदयाळ यांनी छायाचित्रण शिकण्यास सुरुवात केली तेव्हा ओल्या काचपट्टीची पद्धत रूढ होती. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरून ती पट्टी चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे व ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच धुवावी लागे. त्यासाठी छायाचित्रकारास काळोखाचा तंबू, रसायने व पाणी बरोबर बाळगावे लागे. प्रकाशनास काही सेकंद लागत. त्यामुळे मंदिर वा किल्ला स्पष्ट येई, परंतु चालणारा माणूस किंवा झुलणारा हत्ती धूसर होऊन जाई.

१८८० च्या सुमारास कारखान्यात तयार होणाऱ्या जिलेटिनच्या कोरड्या पट्ट्या बाजारात आल्या आणि ही अडचण दूर झाली. त्या अगोदर तयार करून ठेवता येत, अधिक प्रकाशसंवेदी असत व त्यांवर सेकंदाच्या अल्पांशात चित्र उमटे. धावते घोडे, लष्करी कवायती व चालती मिरवणूक यांचे छायाचित्रण त्यामुळे शक्य झाले. तरीही काम सोपे नव्हते. तिवईवरील अवजड कॅमेरा गर्दीत हलविता येत नसल्याने जागा आधीच निवडावी लागे. गच्ची वा सज्जा यांसारखे उंच स्थान, रस्त्यावर पडणाऱ्या सावल्या आणि सूर्याची दिशा यांचा विचार करावा लागे. एक पट्टी वापरल्यावर दुसरी बसवीपर्यंत मिरवणुकीचा पुष्कळ भाग पुढे निघून जाई आणि गेलेला क्षण पुन्हा मिळत नसे. चित्राचा आकार काचपट्टीएवढाच असे, कारण अंड्यातील बलकाव्यतिरिक्त पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या कागदावर पट्टी ठेवून उन्हात प्रत छापीत असत. मोठे चित्र हवे असल्यास पट्टी व कॅमेराही तेवढाच मोठा लागे.

स्टुडिओ व व्यवसाय

लाला दीनदयाळ आणि सन्स या संस्थेत त्यांचे पुत्र ज्ञानचंद व धरमचंद हेही काम पाहत. काचपट्ट्यांना क्रमांक देण्याची पद्धत संस्थेने काटेकोरपणे पाळली. त्यामुळे जुन्या चित्रांची प्रत पुन्हा मागविणे ग्राहकांना सोयीचे झाले आणि आज त्याच क्रमांकांवरून अभ्यासकांना चित्रांचा कालक्रम लावता येतो. १८९२ मध्ये हैदराबाद येथे केवळ स्त्रियांसाठी जनानी स्टुडिओ सुरू करण्यात आला. पडदा पाळणाऱ्या घराण्यांतील स्त्रियांना परपुरुषासमोर बसणे शक्य नसल्याने त्याची व्यवस्था एका इंग्रज महिलेकडे सोपविली होती. १८९६ मध्ये मुंबईत मोठा स्टुडिओ उघडण्यात आला.

मराठवाड्याशी संबंध

औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हा मराठीभाषक प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १८९२ च्या सुमारास तयार झालेल्या निजामाच्या मुलखातील दृश्यांच्या संग्रहात दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी, खुलताबाद व औरंगाबाद येथील छायाचित्रे समाविष्ट आहेत. त्या वेळी मराठवाड्याच्या अंतर्भागात रेल्वे पोहोचलेली नव्हती. काचपट्ट्यांच्या नाजूक पेट्या रस्त्यानेच न्याव्या लागत. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा व नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा दीनदयाळ यांच्या आयुष्याची अखेरची काही वर्षेच उरली होती.

१८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद भागात सुरू असलेल्या मदतकार्यांची छायाचित्रेही त्यांच्या संस्थेने घेतली. सरकारी कामाची नोंद हा त्यांचा हेतू असला, तरी अन्नासाठी रांगेत बसलेली कृश माणसे त्यांत दिसतात. शाही मेजवान्या व मिरवणुका टिपणाऱ्या कॅमेऱ्यानेच हे दृश्यही टिपले, ही बाब त्यांच्या एकूण कार्याचे मूल्यमापन करताना महत्त्वाची ठरते. याउलट, पूर्णेसारख्या गोदाकाठच्या गावांतून मोहरमच्या सवाऱ्या, ताबूत, नवसाने फकीर झालेली मुले व वाघाची सोंगे यांत हिंदू-मुसलमान एकत्र येत. त्या ग्रामीण उत्सवांपर्यंत दरबारी छायाचित्रणाची दृष्टी क्वचितच पोहोचली. राजधानीतील लंगरची चित्रे पाहताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. मिरवणुकीत पुढे असलेले हत्ती व सरदार यांची नावे नोंदविली गेली, परंतु कडेला उभे असलेले प्रेक्षक अनामिकच राहिले.

अखेरचा काळ

विसाव्या शतकाच्या आरंभी हलक्या व स्वस्त कॅमेऱ्यांचा प्रसार झाला आणि हौशी लोक स्वतःच छायाचित्रे काढू लागले. राजाश्रयावर व मोठ्या मागणीवर उभ्या असलेल्या स्टुडिओंना त्याचा फटका बसला. १९०४ मध्ये पुत्र धरमचंद यांचे निधन झाले आणि १९०५ साली दीनदयाळही कालवश झाले. ज्ञानचंद यांनी व्यवसाय पुढे चालविला, परंतु १९११ मध्ये मीर महबूब अली खान यांच्या मृत्यूने संस्थेचा मुख्य आश्रयदाता हरपला व पूर्वीचे वैभव परत आले नाही.

वारसा

दीनदयाळ यांच्या वंशजांनी जपलेल्या काचपट्ट्यांपैकी २,८५७ पट्ट्या नवी दिल्ली येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये मिळविल्या. लंडन येथील ब्रिटिश ग्रंथालयातील कर्झन संग्रहातही त्यांची छायाचित्रे आहेत. २००६ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रकाशित केले.

त्यांची छायाचित्रे सत्ताधाऱ्यांच्या आश्रयाने व बहुतेक वेळा त्यांच्याच इच्छेने घेतलेली आहेत, त्यामुळे त्यांत राज्याचे वैभव ठळकपणे येते. असे असले तरी चौकटीच्या कडांवर थांबलेले पायदळाचे शिपाई, माहूत, मशालजी, गच्चीवरील बघे व दुष्काळी कामावरील मजूर यांमुळे ती सामाजिक इतिहासाचेही साधन ठरली आहेत. लिखित साधनांतून न उमगणारे पोशाख, वाहने, बाजारपेठांची रचना व समारंभांचा क्रम यांसाठी दख्खनच्या इतिहासाचे अभ्यासक आजही त्यांच्या काचपट्ट्यांचा आधार घेतात.