साताऱ्याचे शाहू महाराज आणि त्यांचा शिकारी कुत्रा

नवी मुंबईहून गोव्याच्या महामार्गाला लागलेला प्रवासी पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड ही गावे मागे टाकीत माणगावास पोहोचतो. डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी जुन्या गोव्याला निघालेले आपले अनेक धर्मबंधू याच रस्त्याने जातात. माणगावजवळ गांगवली नावाचे एक लहान गाव आहे. छत्रपती संभाजी महाराज व महाराणी येसूबाई यांचे पुत्र शाहू यांचा जन्म १८ मे १६८२ रोजी या गावी झाला. शिवाजी महाराजांचे ते नातू. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (१८७४-१९२२) हे वेगळे. नामसाधर्म्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून हे आरंभीच सांगून ठेवतो.

शाहूंचे बालपण राजवाड्यात गेले नाही. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या करविली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड मोगलांच्या हाती पडला. सात वर्षांचे शाहू आपल्या मातेसह बादशाही छावणीत कैदी म्हणून नेण्यात आले. पुढील सुमारे साडेसतरा वर्षे त्यांनी तंबूंच्या त्या फिरत्या नगरात काढली. औरंगजेबाची कन्या झीनतउन्निसा हिने या मुलाला माया लावली. छळ झाला नाही, खाण्यापिण्याचे हाल झाले नाहीत. पण आपल्याभोवतीचा कोण आपला आणि कोण पाळतीवरचा, हे ज्याला कधीच नक्की कळत नाही, अशा मुलाचे मन कसे घडत असेल याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा.

१७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि पंचविशीतले शाहू सुटले. महाराणी ताराबाईंशी संघर्ष, खेडची लढाई, साताऱ्याचा ताबा आणि १२ जानेवारी १७०८ रोजी राज्याभिषेक, हा इतिहास शाळेत सर्वांनी वाचलेला आहे. आई मात्र दिल्लीहून परत आली ती १७१९ मध्ये. १७१३ मध्ये त्यांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिले आणि पुढे राज्याचा विस्तार बाजीराव व नानासाहेब यांच्या काळात होत गेला. वसईच्या आमच्या वाचकांना १७३९ हे साल समजावून सांगण्याची गरज नाही. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली ती याच छत्रपतींच्या राज्यात. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईकर इंग्रजांनी कॅप्टन विल्यम गॉर्डन याला शाहू महाराजांच्या भेटीस पाठविले. महाराजांनी इंग्रजांकडे मागणी केली ती टर्की, गिनी कोंबड्या, बसऱ्याची कबुतरे आणि इतर नवलाईच्या पक्ष्यांची!

या मागणीत त्यांचा स्वभाव दिसतो. पशुपक्ष्यांवर त्यांचा विलक्षण जीव होता, आणि आजच्या वाचकाला विसंगत वाटेल असा शिकारीचाही तितकाच नाद होता. पक्षी, घोडे, ससाणे आणि कुत्रे यांच्या सहवासात त्यांचे दिवस जात.

कुत्र्यांनिशी केलेल्या शिकारीत असे काय असते, की त्यासाठी माणसाने सुखाचा वाडा सोडून काट्याकुट्यांत शिरावे? साताऱ्याच्या पश्चिमेकडील जावळी-कोयनेचे रान आठवा. त्या रानातले सर्वांत मोठे हरीण म्हणजे सांबर. भारतातील हरणांमध्ये हाच आकाराने सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर दोनशे ते तीनशे किलो वजनाचा असतो. त्याच्या प्रत्येक शिंगाला साधारणपणे तीन टोके असतात आणि मोठ्या नराचे शिंग मीटरभर लांब भरते. दिवसा तो दाट झाडीत दडून बसतो, त्यामुळे माणसाच्या डोळ्याला तो सहसा दिसत नाही. त्याला हुडकून काढावे ते कुत्र्याच्या नाकानेच. वास लागला की कुत्र्याचा आवाज बदलतो, तो आवाज दरीतून वर चढत येतो, आणि मागून धावणाऱ्या माणसाला पुढे काय चालले आहे हे केवळ कानांनी कळते. या शिकारीचे सारे आकर्षण त्या आवाजात आहे, असे आम्हांस वाटते. आम्ही स्वतः कधी बंदूक हाती धरलेली नाही; परंतु डोंगरातल्या आपल्या वाड्या-पाड्यांवर जुन्या माणसांच्या गोष्टी ऐकताना त्यांचे डोळे कशाने चमकत, हे पाहिलेले आहे.

धोकाही तेथेच असतो. दमलेले सांबर पाण्याकडे धाव घेते. ओढ्याच्या डोहात, पाठ कातळाला लावून ते उलटून उभे राहते. त्याचे पाय जमिनीवर टेकलेले असतात, कुत्र्यांना मात्र पोहावे लागते. मग ते पुढच्या खुरांनी झोडपते आणि शिंगांनी उचलून फेकते. सॅम्युएल बेकर हा इंग्रज १८४८ ते १८५५ या काळात श्रीलंकेतील नुवारा एलिया येथे राहिला. तेथील उंच पठारांवर तो कुत्र्यांच्या टोळीसह, पुष्कळदा हाती केवळ सुरा घेऊन, सांबराची शिकार करी. १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात शिकारीच्या आनंदाबरोबर फाटलेल्या, बुडालेल्या आणि बिबट्यांनी उचलून नेलेल्या कुत्र्यांचीही हकिकत आहे. धोक्याचा पहिला वाटा नेहमी कुत्र्याच्या पदरी येतो. धनी मागून पोहोचतो.

शिवाय ज्या गवतात सांबर असते, त्याच गवतात त्याच्या मागावर आलेला वाघही असू शकतो. शाहू महाराजांवर तोच प्रसंग ओढवला. शिकारीत त्यांचा वाघाशी सामना झाला, प्राणावर बेतले, आणि त्यांचा आवडता कुत्रा धावून आला म्हणून ते वाचले. त्या कुत्र्याचे नाव खंड्या, असे लोकपरंपरा सांगते. प्रसंगाचे रसभरीत वर्णन करण्याचा मोह आम्ही आवरतो.

वाचलेला राजा काय करतो? दोन दिवस कुत्र्याचे कौतुक करील आणि विसरून जाईल. महाराजांनी तसे केले नाही. त्यांनी त्या कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद करून दिली आणि त्याला पालखीचा मान दिला. पालखी म्हणजे त्या काळी केवळ वाहन नव्हे. थोर सरदारांनाही तो मान मिळविण्यासाठी आयुष्य वेचावे लागे. पुढे एकदा इंद्रोजी कदम नावाचे एक मातब्बर सरदार मोठ्या डामडौलाने दरबारात यावयाचे होते. महाराजांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि जडजवाहीर घातले, स्वतःचे पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले आणि तशा थाटात भरदरबारी सरदारांचे स्वागत केले. त्यानंतर महाराजांनी स्वतःच्या मस्तकावर पुन्हा कधीही पागोटे घातले नाही. त्यांची जी चित्रे आपण पाहतो, त्यांत ते बोडक्या डोक्याने दिसतात ते यामुळे.

साताऱ्यास अधिकारी असलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात त्याने या प्रकाराला राजाची लहर मानले आहे. त्याच्या मताशी आम्ही सहमत नाही. सरदाराचा गर्व उतरविण्याचा मिस्कील हेतू त्यात होताच. परंतु बालपणापासून ज्याच्याभोवती स्वार्थाने जवळ येणारी माणसेच अधिक होती, त्याला काही न मागता जीव धोक्यात घालणारा एक प्राणी भेटला, आणि त्याने त्याचे ऋण चारचौघांत मान्य केले. मात्र एक प्रश्न आम्हांस सतावतो. ज्या कुत्र्याने प्राण वाचविले, त्याला त्या संकटात नेले कोणी? जहागीर आणि पालखी यांत थोडे प्रायश्चित्तही असावे काय? महाराजांच्या मनातले आपण सांगू शकत नाही.

येथे आम्हांस सेमिनरीत ऐकलेली संत ह्युबर्ट यांची कथा आठवते. ३० मे ७२७ रोजी दिवंगत झालेले हे बिशप शिकाऱ्यांचे व कुत्र्यांचे आश्रयदाते संत मानले जातात; त्यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो. तरुणपणी गुड फ्रायडेच्या दिवशीही ते कुत्री घेऊन एका भल्या मोठ्या नर हरणामागे धावत होते. हरीण थांबले, वळले, आणि त्याच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला, अशी ती आख्यायिका आहे. ती त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच शतकांनी प्रचलित झाली, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. ह्युबर्ट यांना पाठलागाच्या पुढच्या टोकाला असलेले हरीण दिसले. शाहू महाराजांना पाठलाग करणारा कुत्रा दिसला.

शिकारीचा तो काळ आता संपला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राण्याला कुत्री लावून पळविणे ही देखील शिकारच ठरते. कोयना आणि चांदोलीचे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. सांबरामागे तेथे आता कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री, धावतात. तीही त्याला पाण्यात कोंडतात.

१५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात शाहू महाराजांचे निधन झाले. शहराच्या पूर्वेस सुमारे पाच किलोमीटरवर, कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमाजवळ, संगम माहुली येथे त्यांची समाधी आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी तिच्यावर चढते. त्याच परिसरात एका चौथऱ्यावर दगडात घडविलेला कुत्रा बसलेला आहे. मंदिरे पाहावयास आलेली मंडळी त्याच्यापाशी थांबतात, आणि मुले त्याच्या पाठीवरून हात फिरवितात.