थोर मातेचा थोर पुत्र : मेन्शियस

भगिनींनो, मुलासाठी तीनदा बिऱ्हाड हलविणाऱ्या चिनी आईची गोष्ट मी आपल्या बालवर्गात पुष्कळदा सांगितली आहे. पहिले घर स्मशानाजवळ; तेथे मुलगा प्रेतयात्रेचा खेळ खेळू लागला. दुसरे बाजारात, तेथे तो खोटेखोटे सौदे करू लागला. तिसरे शाळेशेजारी, आणि तेथे ती माउली स्थिरावली. पुढे त्याने अभ्यासात हयगय केली, तेव्हा तिने मागावरचे कापड मध्येच कापून दाखविले, असेही सांगतात. पण तो मुलगा मोठेपणी काय झाला, हे मी अलीकडेच वाचले.

तो मेन्शियस. ख्रि. पू. ३७२ च्या सुमारास आजच्या शानतुंग प्रांतात जन्मला, असे मानतात. कन्फ्यूशियसच्या नातवाच्या शिष्यपरंपरेत तो शिकला आणि दरबारोदरबारी हिंडला. राजे राज्याचा फायदा विचारीत. हा प्रजेच्या पोटापाण्याचे बोले. राज्य स्वर्ग देतो खरे, पण स्वर्ग प्रजेच्याच डोळ्यांनी पाहतो, ही त्याची शिकवण.

ख्रि. पू. ३१४ च्या सुमारास छी राज्याच्या सैन्याने शेजारचे येन राज्य घेतले. येनचे लोक हालअपेष्टांना विटले होते. अन्नाच्या टोपल्या घेऊन ते सैन्याला सामोरे गेले. पण सैन्याने कत्तल आणि लूट मांडली. मेन्शियसने राजाला सल्ला दिला की, कैदी सोडावेत, येनच्या लोकांना विचारून त्यांचा राजा बसवावा आणि परत फिरावे. राजाने ऐकले नाही. येन उठले, राजा खजील झाला. पुढे मेन्शियसही ते राज्य सोडून गेला.

निवडणुकीची रीत त्याने सांगितली नाही. पण जुलमी राजा राजाच उरत नाही, हे ठासून सांगितले. ते पुढच्या बादशहांना बोचले. १३९४ मध्ये मिंग बादशहाने त्याच्या ग्रंथातील ८५ उतारे गाळविले. कालांतराने ते पुन्हा ग्रंथात आले.

सात वर्षे मी या मंडळाची बिनविरोध अध्यक्ष आहे. कोणी बोलत नाही म्हणजे सर्वांची संमती, असे मी धरून चालले. पण एकदा केलेले स्वागत कायमचे नसते, हे येनच्या त्या टोपल्यांनी मला शिकविले. येत्या वार्षिक सभेत आपण चिठ्ठ्या टाकू या. नाव कोणाचेही निघो, हळदीकुंकवाच्या तयारीला मी नेहमीसारखी येईनच.