शहर निरोगी करणारा डॉक्टर : रूडॉल्फ फिरखो

देवारीमच्या तेविसाव्या अध्यायात छावणीच्या स्वच्छतेची आज्ञा आहे. प्रत्येकाने शौचासाठी छावणीबाहेर जावे, सोबत खणण्याचे हत्यार ठेवावे आणि मळ मातीने झाकावा. रानात तंबू ठोकून राहणाऱ्या लोकांना हे पुरेसे होते. पण आठ लाख माणसे एका शहरात दाटीने राहू लागली, तर काय करावे? हा प्रश्न शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बर्लिन शहरापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. रूडॉल्फ फिरखो यांची ही ओळख. ते यहुदी नव्हते. पण आपल्या लोकांनी त्यांचे नाव आदराने घ्यावे अशीच त्यांची करणी होती.

फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरानिया प्रांतातील शिफेल्बाइन या लहान गावी झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक. घरची परिस्थिती बेताची असल्याने लष्करी डॉक्टर तयार करणाऱ्या बर्लिनच्या संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले आणि १८४३ साली ते डॉक्टर झाले. पुढे शारिते रुग्णालयात त्यांना नोकरी मिळाली.

१८४८ च्या फेब्रुवारीत सरकारने त्यांना वरच्या सायलेशियात पाठविले. तेथे टायफस तापाची मोठी साथ होती. तीन आठवडे ते झोपड्याझोपड्यांतून हिंडले. लोक उपाशी, निरक्षर आणि एकाच खोलीत कोंबलेले. त्यांची भाषा पोलिश, तर अधिकाऱ्यांची जर्मन. परत येऊन फिरखो यांनी जो अहवाल दिला, त्यात औषधांपेक्षा शिक्षण, रस्ते, रास्त कर आणि लोकांच्या हाती कारभार यांचीच मागणी अधिक होती. सरकारला तो कसा रुचावा? त्यातच मार्चच्या क्रांतीत ते लोकांच्या बाजूने उभे राहिले. १८४९ साली त्यांना बर्लिन सोडून व्युर्त्सबुर्ग येथे जावे लागले. सात वर्षांनी, १८५६ मध्ये, बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलाविले. शरीरातील प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच होते आणि रोगाचे मूळ पेशीत शोधावे, हा त्यांचा सिद्धांत १८५८ साली ग्रंथरूपाने आला व त्यांचे नाव जगभर झाले.

एवढी कीर्ती मिळाल्यावर दुसरा कोणी प्रयोगशाळेत बसून राहिला असता. फिरखो १८५९ मध्ये बर्लिनच्या नगरसभेत निवडून गेले आणि मरेपर्यंत सभासद राहिले. त्याच वर्षी त्यांचे मित्र डॉ. सालोमन नॉयमान हेही निवडून आले. नॉयमान हे पोमेरानियातलेच यहुदी, गरिबांचे डॉक्टर. गरिबाजवळ स्वतःच्या श्रमाखेरीज दुसरी मालमत्ता नसते; म्हणून मालमत्तेचे रक्षण करणाऱ्या सरकारने गरिबाचे आरोग्यही राखले पाहिजे, असे त्यांनी १८४७ सालीच लिहिले होते. १८६१ च्या बर्लिनच्या शिरगणतीचे काम त्यांनी पुढाकाराने केले. शहरातील जवळजवळ दहावा हिस्सा लोक तळघरांत राहतात, हे त्यातून उघड झाले.

त्या वेळी बर्लिनमध्ये घरांपुढून उघडी गटारे वाहत. १८६६ साली कॉलऱ्याने हजारो माणसे नेली. दुसऱ्या वर्षी नगरसभेने फिरखो यांच्याकडे चौकशीचे काम सोपविले. सगळी घाण सरळ श्प्रे नदीत सोडावी अशी एक योजना आधीच पुढे आली होती. फिरखो यांनी घाईने कौल दिला नाही. माती, भूजल, पाऊस आणि मृत्यूंचे आकडे त्यांनी वर्षानुवर्षे तपासले. अखेर इंजिनिअर जेम्स होब्रेख्त यांची योजना त्यांनी उचलून धरली. शहराचे बारा विभाग करावयाचे, प्रत्येक विभागाचे सांडपाणी जमिनीखालच्या नळांनी एका पंपापाशी आणावयाचे आणि तेथून ते शहराबाहेरच्या शेतांवर सोडावयाचे. नदी स्वच्छ राहणार आणि शेताला खत मिळणार!

विरोध काही थोडा झाला नाही. खर्च कोणी सोसावा म्हणून घरमालक कुरकुरले. परंतु १८७३ मध्ये नगरसभेने योजना मंजूर केली. पुढे प्रत्येक घर गटाराला जोडणे सक्तीचे झाले. १८९२ साली हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने साडेआठ हजारांच्या वर बळी घेतले, तेव्हा बर्लिन जवळजवळ सुखरूप राहिले. शहराची नवी रुग्णालये आणि मांसाची तपासणी यांसाठीही फिरखो असेच झगडले.

त्यांच्याही चुका झाल्या. बाळंतिणींच्या तापाविषयी डॉ. झेमेलवाइस यांचे म्हणणे त्यांनी मानले नाही, आणि रोगजंतूंचे महत्त्वही उशिराच मान्य केले. मोठा माणूसही सर्वज्ञ नसतो. पण कारण कोणतेही असो, घाण आणि गरिबी हटविल्यावाचून साथ हटत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले.

१८८० च्या सुमारास जर्मनीत यहुद्यांविरुद्ध विष पसरू लागले. फिरखो यांनी त्या वर्षी इतर मान्यवरांबरोबर निषेधाच्या पत्रकावर सही केली. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत यहुदीद्वेष्टा पाद्री श्टोकर त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि हरला. शाळाशिक्षकांच्या मदतीने त्यांनी सुमारे सदुसष्ट लाख मुलांच्या केसांची व डोळ्यांची नोंद करविली होती. यहुदी मुलांतही सोनेरी केसांची मुले पुष्कळ निघाली, आणि शुद्ध वंशाची गोष्ट पोकळ ठरली. नॉयमान यांनीही आकडे मांडून, परदेशी यहुद्यांचे लोंढे येत असल्याची आवई खोडून काढली.

१९०२ च्या जानेवारीत ट्राममधून उतरताना फिरखो पडले आणि मांडीचे हाड मोडले. त्यातून ते उठले नाहीत. ५ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. नॉयमान १९०८ मध्ये वारले.

मुंबईत १८९६ साली मांडवीत प्लेग आला, हे आपल्या वाडवडिलांच्या तोंडून अनेकांनी ऐकले असेल. चाळीतला सामाईक नळ आणि मोरी ज्यांनी पाहिली, त्यांना फिरखो काय म्हणत होते ते समजावून सांगावे लागत नाही. आज आपण लोद, दिमोना, अश्दोद येथे शिकूनमध्ये राहतो. गटारे जमिनीखाली आहेत. पण जिना, अंगण आणि कचऱ्याची पेटी आपल्यासमोरच असते. वाद बायितची सभा असली की आपण सबब सांगून घरी बसतो. जगप्रसिद्ध प्रोफेसरला चार दशके गटारांच्या सभांना जाण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला महिन्यातून एक तास जड का व्हावा?