सलीम अली सरोवराला नाव कुणाचे? पक्ष्यांच्या अभ्यासकाचा माकडांच्या जंगलासाठी लढा

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटजवळचा जुना खिजरी तलाव आज सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. हे नाव पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे. जन्म मुंबईत, १२ नोव्हेंबर १८९६. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. एअरगनने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि तिथलाच झाला.

त्या काळी पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः मारलेल्या पक्ष्यांचे नमुने. ते त्यांनीही जमवले. पण १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणींची जिवंत वसाहत न्याहाळली. नर एकामागून एक घरटी विणून अनेक माद्यांशी जोडी जमवतो, हे त्यातून उलगडले. पाठोपाठ हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी झाली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

माकडांचा विषय आला उतारवयात. केरळच्या सायलेंट व्हॅलीत जलविद्युत धरण होणार होते. तिथले सिंहपुच्छी माकड जगात फक्त पश्चिम घाटात आढळते. ते बहुतेक झाडांवरच राहते. जंगलाची सलगता तुटली की कळप एकमेकांपासून तुटतात. ऐंशीच्या घरातल्या सलीम अलींनी तिथे जाऊन प्रकल्प रद्द करण्याची मागणी केली. लढा एकट्याचा नव्हताच; केरळ शास्त्र साहित्य परिषदेने तो गावोगावी नेला होता. पण पंतप्रधान इंदिरा गांधी सलीम अलींना मानत, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. धरण बारगळले, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.